वर्णकहीनता : समज, गैरसमज आणि समाजाचे कर्तव्य

गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाच्या मातापित्यांच्या पोटी दुधासारख्या पांढऱ्या कातडीचे व पिवळसर पांढऱ्या केसांचे मूल जन्माला येते, तेव्हा पुष्कळदा त्या घरात आनंदाबरोबर कुजबुजही शिरते. कोणी ग्रहणाला दोष देतो, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचा दाखला देतो. सर्वांत मोठा अन्याय होतो तो बाळंतिणीवर. तिच्या चारित्र्याविषयी शंका घेतली जाते आणि कधी कधी तिला माहेरी धाडण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः या मुलाच्या वर्णामागे पाप नाही, शाप नाही आणि कोणाचा अपराधही नाही. शरीरात एक रंगद्रव्य तयार न होणे, एवढेच त्यामागील कारण आहे. या अवस्थेला वर्णकहीनता असे म्हणतात.

ही अवस्था विरळ आहे. युरोप व उत्तर अमेरिकेत साधारणपणे १७ ते २० हजार लोकांमागे एक व्यक्ती वर्णकहीन असते, तर आफ्रिकेच्या काही भागांत हे प्रमाण बरेच अधिक आहे. ती कोणत्याही देशात, जातीत व धर्मात आढळते. प्रत्येक गावात असे मूल असेलच असे नाही. परंतु जेथे असेल तेथे शिक्षक, आरोग्यसेवक व पंचायत सदस्य यांना योग्य माहिती असणे अथवा नसणे यावर त्या मुलाचे सारे आयुष्य अवलंबून राहू शकते.

रंगद्रव्याची उणीव

मनुष्याच्या त्वचेला, केसांना व डोळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्यास मेलॅनिन म्हणतात. त्वचेतील विशिष्ट पेशी टायरोसीन या अमिनो आम्लापासून ते तयार करतात आणि या कामी टायरोसिनेज नावाचे विकर आवश्यक असते. हे विकर किंवा या प्रक्रियेतील दुसरा एखादा घटक सदोष असल्यास मेलॅनिन मुळीच तयार होत नाही किंवा फार अल्प प्रमाणात तयार होते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी शरीरात असतात. त्यांचे काम तेवढे अडलेले असते. आर्किबाल्ड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १९०८ साली दिलेल्या व्याख्यानांत चयापचयाच्या जन्मजात दोषांची कल्पना मांडली. त्यासाठी त्याने निवडलेल्या चार उदाहरणांपैकी वर्णकहीनता हे एक होते.

सर्व वर्णकहीन व्यक्ती सारख्याच दिसतात असे नाही. काहींचे केस जन्मभर पांढरेशुभ्र राहतात, तर काहींना वयाबरोबर थोडा पिवळसर किंवा तपकिरी रंग येतो. त्यांचे डोळे लाल असतात हा समजही बरोबर नाही. बहुतेकांचे डोळे निळसर, करडे किंवा फिकट तपकिरी असतात. विशिष्ट प्रकाशात आतील रक्तवाहिन्यांमुळे ते तांबूस भासतात एवढेच. एका प्रकारात तर त्वचा व केस जवळजवळ नेहमीसारखे असून दोष केवळ डोळ्यांत असतो. हा प्रकार मुख्यत्वे मुलग्यांत आढळतो.

दोष एकट्या आईचा नव्हे

त्वचा, केस व डोळे या तिन्हींवर परिणाम करणारी वर्णकहीनता आई व वडील या दोघांकडून येते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांतील एक सदोष व दुसरी निर्दोष असल्यास ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि तिच्या रूपात काहीही वेगळेपण दिसत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला आणि मुलाला दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली, तरच ते मूल वर्णकहीन होते. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेलविषयी काम करणाऱ्या आरोग्यसेवकांना हा हिशेब परिचित आहे. अशा दांपत्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल वर्णकहीन होण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ चार मुलांपैकी एकच तसे होईल असा नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

म्हणून गोरे मूल पाहून आईला दूषण देणे हे अज्ञान आहे. मुलाला जेवढा वारसा आईकडून मिळाला, तेवढाच पित्याकडूनही मिळालेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात असे कोणी नव्हते, हा युक्तिवादही टिकत नाही. कारण सदोष प्रत कित्येक पिढ्या नकळत पुढे जाऊ शकते. जवळच्या नात्यातील विवाहात मात्र दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्राच्या काही भागांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा कुटुंबात वर्णकहीन मूल जन्मले असेल, तर पुढील सोयरीक ठरविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे ठरते. वर्णकहीन व्यक्तीचा विवाह वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास त्यांची मुले वाहक असतात, पण वर्णकहीन होत नाहीत.

कोड नव्हे, कुष्ठरोगही नव्हे

समाजात वर्णकहीनतेची गल्लत कोडाशी व क्वचित कुष्ठरोगाशीही केली जाते. कोड जन्मानंतर केव्हाही उद्भवते. त्यात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात व त्वचेवर पांढरे डाग पडतात. दृष्टीवर सहसा परिणाम होत नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो व औषधाने पूर्ण बरा होतो. वर्णकहीनता मात्र जन्मजात असते, संपूर्ण अंगभर असते आणि डोळ्यांना बाधते. ती संसर्गजन्य नाही. वर्णकहीन मुलाबरोबर जेवल्याने, खेळल्याने किंवा त्याचे कपडे वापरल्याने ती कोणालाही होत नाही. ती घालविणारे औषध उपलब्ध नाही. म्हणून गंडेदोरे, लेप किंवा महागडी चूर्णे यांवर खर्च करणे व्यर्थ होय. अशा इलाजांच्या नावाखाली अघोरी प्रकार होत असतील, तर जादूटोणाविरोधी अधिनियम, २०१३ हा राज्याचा कायदा लागू होऊ शकतो, हेही पंचायत सदस्यांनी ध्यानी ठेवावे.

क्वचित प्रसंगी वर्णकहीनतेबरोबर रक्त लवकर न थांबण्याचा विकारही असतो. सहज काळेनिळे वळ उठणे किंवा वारंवार नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसल्यास मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

दृष्टीचा प्रश्न

वर्ण हा लोकांच्या नजरेत भरणारा भाग आहे. परंतु मुलाच्या जीवनात अधिक अडचण निर्माण करते ती दृष्टी. गर्भावस्थेत डोळ्यांची वाढ नीट होण्यासाठी मेलॅनिनची गरज असते. ते नसल्यामुळे दृष्टिपटलावरील, बारीक तपशील पाहणारा मध्यबिंदू पूर्ण विकसित होत नाही आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मांडणीही वेगळी होते. त्यामुळे दूरचे स्पष्ट दिसत नाही, बुबुळे सतत डावीकडे-उजवीकडे हलत राहतात, तिरळेपणा येतो आणि उजेड सहन होत नाही. पुष्कळांची दृष्टी ६/१८ ते ६/६० या दरम्यान असते. ६/६० म्हणजे सामान्य माणसाला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर या व्यक्तीस ६ मीटरवरून दिसते. चष्म्याने थोडी सुधारणा होते, परंतु दृष्टी सर्वसामान्य होत नाही. समाधानाची बाब अशी की वाढत्या वयाबरोबर ती सहसा अधिक बिघडत नाही.

वर्गात बसलेला असा विद्यार्थी फळ्यावरचे वाचू शकत नाही, पुस्तक नाकाजवळ धरतो, मान तिरकी करून पाहतो आणि मैदानावर डोळे मिटून घेतो. त्याला मंदबुद्धी किंवा आळशी ठरविणे ही शाळेत नेहमी होणारी चूक आहे. वर्णकहीनतेचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. मान तिरकी केल्याने डोळ्यांची हालचाल कमी होऊन थोडे अधिक स्पष्ट दिसते, म्हणून तो तसे करतो. त्याला सरळ बसण्याची शिक्षा देणे म्हणजे त्याच्याकडे उरलेली दृष्टीही काढून घेण्यासारखे आहे.

शिक्षकांना यासाठी फार खर्चाची गरज नाही. मुलाला पहिल्या रांगेत, परंतु खिडकीकडे पाठ येईल असे बसवावे. फळ्यावर लिहिताना मोठ्या अक्षरांत लिहावे व लिहिलेले मोठ्याने वाचावे. पुस्तक जवळ धरण्यास मनाई करू नये. त्याने डोळे बिघडत नाहीत. ठळक व मोठ्या टाइपातील मजकूर, भिंग आणि उतरती लेखनफळी यांचा चांगला उपयोग होतो. परीक्षेतील जादा वेळ व अन्य सवलती यांसाठी वेळेवर अर्ज करावा. प्रार्थना व कवायत उन्हात होत असेल, तर या मुलाला सावलीत उभे करावे. ‘भुऱ्या’, ‘इंग्रज’ अशी टोपणनावे वर्गात रूढ होऊ देऊ नयेत. शिक्षकाने वर्गाला दोन वाक्यांत सत्य समजावून सांगितले, तर कुतूहल शमते आणि चेष्टाही कमी होते.

ऊन हा खरा शत्रू

मेलॅनिन हे त्वचेचे नैसर्गिक छत्र आहे. ते नसल्यामुळे सूर्याचे अतिनील किरण थेट त्वचेत शिरतात. थोड्या वेळात कातडी लाल होते, भाजते, फोड येतात आणि वर्षानुवर्षे असे होत राहिल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. उष्ण प्रदेशांत उन्हात काबाडकष्ट करणाऱ्या वर्णकहीन व्यक्तींमध्ये हा रोग तरुण वयातही आढळतो. बहुतेक प्रकारांत आयुर्मान मुळात कमी नसते. उन्हापासून रक्षण न झाल्याने ते कमी होते. म्हणजेच हा मृत्यू टाळता येण्याजोगा असतो.

पूर्ण बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, छत्री आणि उघड्या त्वचेवर किमान ३० क्रमांकाचे सूर्यप्रतिबंधक मलम हे रक्षणाचे साधे उपाय होत. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात शक्यतो उन्हात जाणे टाळावे. चेहरा, कान, मान व हात यांवरील व्रण महिनाभरात भरून न आल्यास किंवा खरखरीत चट्टा वाढत राहिल्यास तपासणी करून घ्यावी. सुरुवातीलाच लक्षात आल्यास लहानशा शस्त्रक्रियेने बहुधा काम भागते. शेतमजूर कुटुंबातील अशा तरुणाला सावलीतील व्यवसायाचे शिक्षण देणे हा त्याच्या प्राणरक्षणाचाच भाग आहे. रोजगार हमीच्या कामावर त्याला मातीकामाऐवजी पाणी देणे, मुले सांभाळणे किंवा नोंदी ठेवणे यांसारखे काम देता येते.

अज्ञान किती दूर जाऊ शकते

पूर्व आफ्रिकेतील टांझानियात वर्णकहीन व्यक्तींच्या अवयवांत जादूची शक्ती असते या अंधश्रद्धेपायी चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून अनेक हत्या व हल्ले झाले. त्याच देशात २००८ साली वर्णकहीन असलेल्या अल-शायमा क्वेगिर यांची संसद सदस्य म्हणून नियुक्ती झाली. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ जून हा आंतरराष्ट्रीय वर्णकहीनता जागृती दिन ठरविला आणि २०१५ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे असे भीषण प्रकार ऐकू येत नसले, तरी शाळा सुटणे, लग्न न ठरणे व नोकरी नाकारली जाणे या मार्गांनी आयुष्य खुंटवणारी उपेक्षा कमी नाही.

कायदा व ग्रामपंचायत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. वर्णकहीनतेचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही; परंतु क्षीणदृष्टी व अंधत्व हे प्रकार त्यात आहेत. दिव्यांगत्वाची टक्केवारी त्वचेच्या रंगावरून नव्हे, तर चष्मा लावून उरणाऱ्या दृष्टीवरून ठरते. ती ४० टक्के वा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क व शासकीय नोकरीतील आरक्षण हे लाभ मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढणे ही पहिली पायरी होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत तपासणीस येतात, तेव्हा असे मूल त्यांना आवर्जून दाखवावे.

महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. चष्मा, भिंग, छत्री व मलम या वस्तूंचा खर्च फार मोठा नाही. मात्र गरीब कुटुंबाला तो दरमहा परवडत नाही. या निधीचा असा विनियोग ग्रामसभेपुढे मांडण्याजोगा आहे.

तथापि सर्वांत आधीचे काम पैशाने होणारे नाही. मूल जन्मल्याची वार्ता कळताच आशा सेविकेने, सरपंचाने किंवा शिक्षकाने त्या घरी जावे, सासू-सासऱ्यांना व पित्याला एकत्र बसवावे आणि हे मूल दोघांच्याही रक्ताचे आहे, हे स्पष्ट सांगावे. त्या एका भेटीने एका मातेची अप्रतिष्ठा टळेल आणि मुलाला आपल्या घरात सन्मानाने वाढण्याचा अधिकार मिळेल. पुढे त्याला सावली, चष्मा आणि फळ्याजवळची जागा मिळाली, तर ते इतर मुलांप्रमाणेच शिकू शकते व स्वतःच्या पायांवर उभे राहू शकते.