परमवीर मेजर परमेश्वरन आणि महार रेजिमेंट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने ‘लढाऊ जाती’चा खोटा सिद्धांत पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटणही १९२१ मध्ये मोडली. परमपूज्य बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली.

याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन १९४६ साली मुंबईत जन्मले. श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेत ते ८ महार बटालियनमध्ये होते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना अतिरेक्यांनी दबा धरून त्यांच्या तुकडीवर हल्ला केला. मेजरसाहेबांनी न डगमगता मागून वेढा घातला. झटापटीत छातीत गोळी लागली, तरी त्याच अतिरेक्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले व अखेरच्या श्वासापर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

ज्या नावावर भरतीचे दार बंद झाले, त्याच नावाच्या रेजिमेंटला देशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान लाभला. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान खांद्याला खांदा लावून उभे आहेत. शौर्य जातीने मिळत नाही, ते संधी आणि शिस्तीने घडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते. या वीरास आमचे विनम्र अभिवादन!