खुडूक ऑर्पिंग्टन आणि दोन अवघड प्रश्न



माझगावच्या सर एली कदूरी शाळेतील आमच्या एका सहाध्यायाने परवा दूरध्वनीवर विचारले, "पंचाहत्तरी आली आणि तुम्ही कोंबड्या काय पाळता? अमेरिकेत अंडी मिळत नाहीत काय?" अंडी मिळतात. पण प्रश्न केवळ अंड्यांचा नाही. निवृत्त माणसाला सकाळी उठण्यास कारण लागते. आमच्या फ्रीमाँटच्या परसात सहा कारणे खुराड्याचे दार उघडण्याची वाट पाहत असतात. हा छंद कसा करावा हे आम्ही येथे सांगणार आहोत. तो सुरू करण्यापूर्वी कोणत्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत हेही सांगणार आहोत, कारण ते आम्हांला वेळेवर कोणी सांगितले नाही.

आमच्या कोंबड्या ऑर्पिंग्टन जातीच्या आहेत. ऑर्पिंग्टन हे तेव्हा लंडनजवळ केंट परगण्यातील गाव होते. तेथे विल्यम कुक या गृहस्थाने १८८६ साली मिनोर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या जातींच्या संकरातून काळी ऑर्पिंग्टन तयार केली. काळा रंग यासाठी की लंडनच्या धुराची काजळी पिसांवर दिसू नये, असे सांगतात. १८९४ साली त्याने बफ, म्हणजे पिकल्या गव्हाच्या रंगाची ऑर्पिंग्टन पुढे आणली. आमच्या सहाही जणी याच रंगाच्या. पूर्ण वाढलेली कोंबडी सुमारे साडेतीन किलो भरते, कोंबडा साडेचार. पिसारा इतका दाट की आहे त्याहून दीडपट मोठी दिसते. आमच्या पहिल्या कोंबडीचे नाव नातीने 'हलवा' ठेवले, कारण चालताना ती रोश हशानाच्या चिकाच्या हलव्यासारखी थुलथुलत होती.

स्वभावाने ही जात गरीब. मुलांनी उचलले तरी चोच मारत नाही. वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे फिक्या तपकिरी रंगाची अंडी देते. परंतु उन्हाचा तिला त्रास होतो. फ्रीमाँटला खाडीचा वारा आहे म्हणून निभावते. बीरशेबा किंवा दिमोना येथील वाचकांनी दाट सावली आणि दिवसभर थंड पाणी यांची सोय असल्याखेरीज या जातीच्या वाटेस जाऊ नये.

सोय काय करावी? खुराड्यात प्रत्येक कोंबडीस चार चौरस फूट आणि बाहेर फिरण्यास दहा चौरस फूट जागा द्यावी. अंग जड असल्याने बसण्याची दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांहून उंच नसावी, नाहीतर उडी मारताना पाय दुखावतो. कोंबड्यांसाठी विकतात ती पातळ षट्कोनी जाळी रकून हाताने फाडतो. हा प्राणी मांजराहून मोठा आणि मुंगसाहून बेरकी. आमची एक कोंबडी त्यानेच नेली. तेव्हापासून अर्ध्या इंचाची जाड तारेची जाळी लावली आहे. अंड्यावर आलेल्या कोंबडीस सोळा टक्के प्रथिनांचे खाद्य आणि कवचासाठी वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा घालावा. तांदळाची कणी आणि भाजीचे देठ हा खाऊ समजावा, जेवण नव्हे.

बर्डफ्लूचा इशारा विसरू नये. २०२४ च्या डिसेंबरात त्यासाठी कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झाली होती. आमच्या गावाला लागून खाडीचा अभयारण्य प्रदेश आहे, हिवाळ्यात तेथे रानबदके उतरतात. म्हणून दाणापाणी छताखाली ठेवावे, खुराड्यासाठी वेगळी पादत्राणे वापरावीत, हात साबणाने धुवावेत आणि अचानक मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने शिवू नये.

आता शब्बाथविषयी, कारण बहुतेक जण हेच विचारतात. आपल्यावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांना शब्बाथच्या दिवशीही दाणापाणी घालावे. त्या दिवशी घातलेले अंडे मात्र उचलू नये, शब्बाथ संपेपर्यंत तेथेच राहू द्यावे. सणाच्या दिवशी घातलेले अंडे खावे की नाही यावर शम्माय आणि हिल्लेल यांच्या शिष्यांत मतभेद होता, आणि मिश्नाच्या 'बेत्सा' म्हणजे अंडे या भागाची सुरुवातच त्या वादाने होते. अंडे आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका पाहण्याची आपल्या आयाबायांची सवय येथे फार उपयोगी पडते. आणि जनावरांना घातल्याशिवाय आपण जेवू नये, ही आपल्या ज्ञानी लोकांची शिकवण तर आमच्या खुराड्याचा पहिला नियम आहे. सकाळचा चहा त्यानंतर.

आता पिल्लांकडे वळू. ऑर्पिंग्टन कोंबडी वसंतात सहज खुडूक होते. अंडी द्यायची थांबते, अंग फुलवून घरट्यात बसते, हात नेला की गुरगुरते. आमच्या घराला लागून शेजारी असल्याने आम्ही कोंबडा ठेवत नाही. म्हणून पैदास करणाऱ्या एका शेतकऱ्याकडून फळलेली आठ अंडी आणली आणि रात्री अंधारात हलवाच्या पोटाखाली सरकवली. रेवदंड्यास आमची आजी टोपलीत भाताचे तूस घालून असेच करीत असे. आठव्या दिवशी अंडे विजेरीसमोर धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला, स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. दिवसातून एकदा कोंबडी खाण्यास उठते की नाही यावर नजर ठेवावी. हट्टी कोंबडी उपाशी बसून राहते. एकविसाव्या दिवशी सहा पिल्ले बाहेर आली. घरात सण झाला.

ऑर्पिंग्टनचे पिल्लू नर की मादी हे रंगावरून कळत नाही. सहा-आठ आठवड्यांत ज्यांचा तुरा लवकर वाढून लाल होतो ते नर. आमच्या सहांपैकी चौघांचे तुरे लाल झाले. तोपर्यंत नातीने सर्वांना नावे ठेवली होती.

हाच पहिला प्रश्न. निम्मी पिल्ले नर निघणार हे गणित आम्ही तीस वर्षे वर्गात मुलांना शिकवले, आणि परसात विसरलो. रेवदंड्यास प्रश्नच नव्हता. आजी डालग्याखाली कोंबडा झाकून ठेवी आणि शोहेत आला की काम होई. येथे जवळपास शोहेत नाही, आणि असता तरी नातीच्या हातून दाणे खाल्लेला पक्षी त्याच्यापुढे धरण्यास आमचा हात धजावला नसता. शेवटी त्या शेतकऱ्यासच विचारले. त्याने चौघांना उचलून पाहिले, बांधा चांगला म्हणून दोघे पैदाशीसाठी ठेवून घेतले आणि उरलेल्या दोघांविषयी सरळ सांगितले, "हे भांड्यात जातील." आम्ही होय म्हणालो. नातीस खोटे सांगितले नाही. ती दोन दिवस बोलली नाही.

आम्ही कोंबडी खातो, तेव्हा त्या दोघांसाठी रडणे ढोंग ठरले असते. दुकानातील अंड्यांमागेही हाच हिशेब असतो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस पेटालुमा गाव आहे. १८७९ मध्ये लायमन बाईसने तेथे अंडी उबवण्याचे यंत्र चालवून दाखवले आणि पुढे त्या गावास जगाची अंड्यांची टोपली म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व युरोपातून आलेली अनेक यहुदी कुटुंबे तेथे कोंबड्या पाळून राहिली. १९२५ साली त्यांनी उभारलेली समाजवास्तू अजून आहे. त्यांचे पोट यावर होते, त्यांना हा हिशेब चुकवता आला नाही. आम्ही हौसेखातर करतो म्हणून आम्हांलाही तो चुकत नाही. पुढच्या वर्षी अंडी आणण्याआधीच शेतकऱ्याशी ठरवून घेतले की नर तो परत घेईल. पाच पिल्लांपैकी तीन त्याच्याकडे गेले, आणि नातीने फक्त तलंगांना नावे ठेवली.

दुसरा प्रश्न म्हाताऱ्या कोंबड्यांचा. दोन-तीन वर्षे भरपूर अंडी, मग कमी कमी होत बंद. कोंबडी मात्र आठ वर्षे आणि कधी त्याहून अधिक जगते. हलवा सहा वर्षांची झाली, गेल्या हिवाळ्यापासून एक अंडे नाही. तिला आम्ही ठेवले आहे. निवृत्त माणसाने निवृत्त कोंबडीस काढून टाकावे हे बरे दिसत नाही. पण सर्वांत लहान कोंबडी चार वर्षांची आहे, आणि आमचे वय आम्हांस ठाऊक आहे. आज पिल्ले काढली तर त्यांची अखेरची वर्षे कोण पाहणार?

म्हणून या वसंतात दोघी खुडूक झाल्या तेव्हा आम्ही त्यांच्याखाली अंडी ठेवली नाहीत. खुडूक मोडण्यासाठी कोंबडीस तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात, गवताशिवाय, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावे. खालून वारा लागला की ऊब जाते आणि ती उठते. नातीने विचारले, "यंदा पिल्ले नाहीत?" आम्ही कारण सांगितले. ती आता मोठी झाली आहे. तिने खुराड्याच्या दारामागे एक कागद चिकटवला: कोणाला किती दाणे, पाणी केव्हा, दार किती वाजता लावायचे. खाली स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहिला.

ज्यांना हा छंद सुरू करावयाचा आहे त्यांनी आधी आपल्या गावच्या नगरपालिकेत नियम विचारावेत, मग असा एक कागद लिहावा, आणि त्याखाली क्रमांक घालण्यास कोणी तयार असेल तरच कोंबड्या आणाव्यात.