दमेकऱ्याचा फ्लू

मे महिना संपत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एकच गडबड उडते. जूनपासून मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर घ्यायच्या असतात, जाळी सुकवून गुंडाळून ठेवायची असतात, इंजिनांना तेलपाणी करायचे असते. ज्यांची घरे कौलारू आहेत ते छप्पर शाकारून घेतात. एकदा पाऊस लागला म्हणजे फुटके कौल बदलायला वर चढता येत नाही.

याच दिवसांत दम्याच्या रोग्यालाही एक तयारी करावी लागते. कारण पावसाबरोबर फ्लू येतो. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात. एकदा जानेवारी ते मार्च या काळात आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात. पावसाळ्यात समुद्रावर जाणारे खलाशी घरी असतात. दारे-खिडक्या लावलेल्या असतात. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात. अशा वेळी एक जण शिंकला की दोन-तीन दिवसांत सारे घर खोकू लागते. इतरांना चार-पाच दिवस ताप येतो, अंग दुखते आणि मग ती उठून कामाला लागतात. पण ज्याला तीव्र दमा आहे, त्याच्यासाठी तोच फ्लू वेगळा आजार ठरतो.

आधी हे दोन शब्द पाहू. ‘दमा’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही तो आहे. फारसी भाषेत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की दम लागतो, दम घेतला जातो, दम धरला जातो आणि कोणी ऐकत नसेल तर त्याला दमही दिला जातो! ‘इन्फ्लुएन्झा’ हा शब्द मात्र इटलीतून आला. त्याचा अर्थ असर किंवा प्रभाव. ग्रहताऱ्यांच्या असरामुळे हा ताप येतो, अशी पूर्वी तिथल्या लोकांची समजूत होती. त्याचेच आखूड रूप म्हणजे फ्लू.

आता शरीरात काय घडते ते पाहू. आपली श्वासनलिका छातीत शिरल्यावर झाडाच्या फांद्यांसारखी फुटत जाते. शेवटच्या फांद्या अगदी बारीक असतात. दमेकऱ्याच्या या नळ्या आतून नेहमीच थोड्या सुजलेल्या आणि हळव्या असतात. धूर, धूळ, बुरशी, थंड हवा असे काही लागले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर फुगते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. गंमत अशी की, या रोग्याला श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक कठीण जाते. अरुंद वाटेतून हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज होतो, तीच घरघर.

फ्लूचा विषाणू नेमका याच नळ्यांच्या अस्तरावर हल्ला करतो. तो तेथील पेशींत शिरतो, आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करतो आणि पेशी मारून बाहेर पडतो. निरोगी माणसाच्या रुंद नळीला थोडी सूज आली तर फारसे बिघडत नाही. आधीच अरुंद झालेल्या नळीत तेवढीच सूज आली तर वाट बंद होऊ लागते. दमा असलेल्यांना फ्लू इतरांपेक्षा अधिक वेळा होतो असे नाही. पण झाला तर तो अधिक त्रास देतो. म्हणून घरातल्या माणसांनी दमेकऱ्याचा ताप किती आहे एवढेच पाहत बसू नये. थर्मामीटरमध्ये शंभरच ताप दिसत असेल, पण श्वास बिघडत असेल, तर तो रोगी आजारीच आहे.

बंदराला हा आजार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या जून महिन्यात, तो मुंबईत बोटींबरोबर उतरला. गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई पहिल्यांदा आजारी पडले. सप्टेंबरपासून दुसरी लाट आली, ती फारच भयंकर होती. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. त्या वेळी हा रोग कशाने होतो हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. माणसातला फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

पुढे २००९ मध्ये फ्लूचा एक नवा प्रकार जगभर पसरला. लोक त्याला ‘स्वाइन फ्लू’ म्हणू लागले. भारतातला त्याचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, रुग्णालयांपुढे रांगा लागल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले. त्या साथीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. अमेरिकेत रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या मुलांना आधीपासून जे आजार होते, त्यांत दमा सर्वांत जास्त आढळला. भारत सरकारने तेव्हा रुग्णांचे अ, ब आणि क असे गट पाडले. साधा सर्दीताप असणारे अ गटात. परंतु फुप्फुसांचा जुना आजार असलेल्याला फ्लूची लक्षणे दिसली तर तो ब गटात येतो आणि डॉक्टर त्याला विषाणूवरचे औषध देऊ शकतात. २००९ चा तो विषाणू नाहीसा झालेला नाही. तो आता नेहमीच्या फ्लूंपैकीच एक झाला आहे.

आता तयारीकडे वळू. पहिली तयारी लशीची. फ्लूचा विषाणू आपले रूप सतत बदलतो, त्यामुळे गोवराच्या लशीसारखी ही लस लहानपणी टोचून भागत नाही. ती दरवर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, नव्या लशीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. टोचल्यावर शरीराला तयारीसाठी सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून कोकणात राहणाऱ्या दमेकऱ्याने पाऊस लागण्यापूर्वीच ती घेतलेली बरी. टोचायच्या लशीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. त्यामुळे लशीनेच फ्लू होतो ही समजूत खोटी आहे. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, इतकेच. नाकात फवारायची एक लस असते, तिच्यात मात्र दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तीव्र दमा असलेल्यांनी ती घेऊ नये.

दुसरी तयारी पंपाची. इन्हेलरला आपल्याकडे सगळे ‘पंप’ म्हणतात. पंपाचे मुख्य प्रकार दोन. एक रोज घ्यायचा. तो नळ्यांची सूज कमी ठेवतो, पण त्याने लगेच बरे वाटत नाही. दुसरा धाप लागल्यावर घ्यायचा. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. काही पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. आपला पंप कोणता हे त्याच्या रंगावरून ठरवू नका, नाव वाचा. पुष्कळ लोक दुसरा पंप जपून ठेवतात आणि पहिला सोडून देतात, कारण दुसऱ्याचा गुण चटकन दिसतो. रोजचा पंप सोडला की सूज हळूहळू वाढत राहते आणि फ्लूचा विषाणू येतो तेव्हा त्याला सारे आयते मिळते.

‘पंप नको, सवय लागेल,’ असे घरातली वडीलधारी माणसे मायेने सांगतात. त्यांना हिशेब समजावून द्यावा. सालबुटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम असते. एक गोळी म्हणजे चाळीस फवारे! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते. फवारा थेट छातीत जातो. मग कमी औषध कशात, हे तुम्हीच सांगा. पंपाला स्पेसर नावाची प्लॅस्टिकची पोकळ नळी जोडली तर औषध घशात न अडकता खोल पोहोचते. रोजचा पंप घेतल्यावर मात्र चूळ भरावी.

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे पंप लपवणे. मुलगा असेल तर मित्र हसतील म्हणून, आणि मुलगी असेल तर उद्या स्थळे येतील तेव्हा कोणाला कळू नये म्हणून. लपवलेला पंप कपाटात राहतो आणि धाप मात्र शाळेत लागते. आपल्या वर्गशिक्षकांना आणि शेजारी बसणाऱ्या मित्राला तरी पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे हे ठाऊक हवे.

तिसरी तयारी आकड्याची. पीक फ्लो मीटर नावाची एक साधी नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकले की काटा सरकतो आणि आपला श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते कळते. बरे असताना रोज फुंकून आपला सर्वांत चांगला आकडा वहीत लिहून ठेवावा. समजा तो ३०० आहे. त्याच्या शेकडा ८० म्हणजे २४०. त्याच्या वर आकडा असेल तर काळजी नाही. २४० आणि १५० यांच्यामध्ये आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचे. निम्म्याच्या, म्हणजे १५० च्या खाली गेला तर रुग्णालय गाठायचे. हे सगळे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद भिंतीवर लावावा. रात्री दोन वाजता धाप लागते तेव्हा तोंडी सांगितलेले कोणालाच आठवत नाही.

एवढे करूनही फ्लू होऊ शकतो. एकाएकी ताप भरला, अंग मोडून आले, कोरडा खोकला सुरू झाला, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पहिल्याच वाक्यात ‘मला दमा आहे’ असे सांगावे. विषाणूवरचे औषध, ओसेल्टामिविर, आजार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ‘दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणणाऱ्याचे नेमके तेच दोन दिवस जातात. अँटिबायोटिक गोळ्यांनी विषाणू मरत नाही. डॉक्टरांनी दिल्याशिवाय त्या घेऊ नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन मात्र फ्लू झालेल्या मुलांना कधीही देऊ नये. त्याने यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, शिवाय काही दमेकऱ्यांची धापही वाढते.

तापात रोजचा पंप बंद करू नये. रोग्याने आडवे न पडता पाठीला उशा लावून टेकून बसावे. गरम पाणी, चहा, सूप थोडे थोडे घेत राहावे. खोलीत लोबान, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल जाळू नये. चुलीचा धूरही नको. एरवी घर सुगंधी करणारा लोबान या दिवसांत छातीचा वैरी असतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर डोके धरून वाफ घेण्याची आपल्याकडे फार हौस. त्याने नाक मोकळे होईल, पण आवळलेल्या नळ्या सुटणार नाहीत, आणि भांडे कलंडून मुले भाजतात ते वेगळेच. दवाखान्यात यंत्राने देतात त्या वाफेत औषध असते. ती गोष्टच निराळी.

आजारी दमेकऱ्याची काही लक्षणे घरातल्या प्रत्येकाने ओळखली पाहिजेत. तो एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नाही. श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याच्या खालची कातडी आत ओढली जाते. पंपाचा गुण चार तासही टिकत नाही. ओठ निळसर दिसतात किंवा रोगी गुंगल्यासारखा होतो. आणि एक लक्षण असे आहे, की ते पाहून माणसे उलट निश्चिंत होतात. इतका वेळ येणारी घरघर एकदम थांबते. ‘आता बरे वाटतेय वाटते,’ असे म्हणून घरचे दिवा मालवतात. श्वास खरोखर सुधारून घरघर थांबली असेल तर रोगी नीट बोलतो, त्याला झोप लागते, चेहरा शांत दिसतो. पण धाप तशीच असताना आवाज बंद झाला, तर त्याचा अर्थ नळ्यांतून शिट्टी वाजण्याइतकीही हवा जात नाही. यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, रोग्याला ताठ बसवावे आणि ती येईपर्यंत कागदावर लिहिल्याप्रमाणे स्पेसरमधून पंप देत राहावे. मिरकरवाड्याहून शहरातले जिल्हा रुग्णालय फार लांब नाही. तिथे प्राणवायू आहे. घरी तो नसतो.

रमजानमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. रोजच्या पंपाच्या मात्रा बहुधा सकाळ-संध्याकाळ असतात. त्या सहरीच्या आणि इफ्तारच्या वेळी घेता येतील का, हे महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. पंपाने रोजा तुटतो की नाही याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची सवलत आहे, याबद्दल मतभेद नाहीत. फ्लूने धाप लागलेल्याने पंप रोखून धरू नये.

ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो आणि सगळ्यांना वाटते, सुटलो. विषाणूने सोललेले नळ्यांचे अस्तर मात्र इतक्या लवकर भरून येत नाही. काही आठवडे ते नेहमीपेक्षा अधिक हळवे राहते. पळताना, जेटीवर डिझेलचा धूर लागताना, सुकट नीट करताना खोकल्याची उबळ येते. फुंकण्याचा आकडा पुन्हा आपल्या जुन्या आकड्याजवळ येईपर्यंत खेळाच्या तासाला बाजूला बसायला हरकत नाही.

याच दिवसांत पंपही तपासून घ्यावा. नेहमीच्या सालबुटामॉलच्या डब्यात २०० फवारे असतात. आजारपणात त्यांतले बरेच संपलेले असतात, पण डबा हलवला तर आत काहीतरी खळखळतेच, कारण औषध संपल्यावरही वायू थोडा उरतो. त्या आवाजावर विसंबू नये. नवा पंप आणल्याची तारीख त्याच्यावर पेनने लिहावी आणि किती फवारे घेतले ते वहीत मांडत जावे. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातात, तरी पाऊस आणि फ्लू मागे उरलेलेच असतात. तेव्हा दुसरा भरलेला पंप घरात असू द्यावा.