समुद्रांतील प्राणी आणि धातूंचें विष

इंग्लंडच्या नैऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा प्रांत आहे. तेथील तांब्याच्या व कथिलाच्या खाणींचें पाणी कित्येक पिढ्या फाल नदीच्या खाडींत उतरत आलें. या खाडीच्या रेस्ट्राँगेट नामक फांट्यांतील गाळांत दर दहा लाख भागांस दोन हजारांहून अधिक भाग तांबें सांपडलें आहे. अशा ठिकाणीं जीव म्हणून राहूं नये असें कोणासही वाटेल; परंतु त्याच चिखलांत नेरीस जातीचे कृमी नांदतात, आणि या खाडींतील कालवें तर तांब्यानें हिरवीं पडलेलीं आढळलीं आहेत. हें कसें घडतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, धातु हा मुळांत शत्रु नव्हे. खेंकड्याचें रक्त निळसर दिसतें तें तांब्यामुळें, व त्या तांब्याच्याच साह्यानें तें प्राणवायु वाहून नेतें. जस्तावांचूनही पुष्कळ एन्झाइमांचें काम अडतें. परंतु प्रमाण वाढलें कीं, मोकळें तांबें पेशींत प्राणवायूचीं दाहक रूपें उत्पन्न करितें व तीं पेशीच्या नाजूक आवरणांची नासधूस करितात. कॅडमियम याहून कपटी. तो जस्ताचें सोंग घेऊन जस्ताच्या आसनावर बसतो, आणि जस्ताचें काम मात्र त्याला साधत नाहीं.

यावर पेशीचें जें उत्तर आहे, त्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. मेटॅलोथायोनीन नांवाचें एक लहानसें प्रथिन आहे. १९५७ सालीं मार्गोशेस व व्हॅली यांनीं तें घोड्याच्या मूत्रपिंडांत शोधून काढिलें. पुढें शिंपले, खेंकडे व मासे यांतही त्याचे भाईबंद सांपडले. त्याचा सुमारें एक-तृतीयांश भाग सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचा असतो, आणि गंधकाची व या धातूंची ओढ मोठी विलक्षण. भटकणारा धातु त्याच्या विळख्यांत सांपडला म्हणजे त्याचा उपद्रव थांबतो. एरवीं पेशी थोड्याच पहारेकऱ्यांवर भागविते. धातु आंत शिरला कीं नव्यांची भरती सुरू होते.

बांधलेला धातु पुढें लायसोसोम नांवाच्या सूक्ष्म पिशव्यांत कोंडिला जातो. कालवाच्या रक्तांतील कांहीं पेशी तर तांबें व जस्त कणरूपानें सांठवितात. त्याचा हिरवा रंग या सांठ्याचाच. दाहक रूपांचा समाचार निराळीं एन्झाइमें घेतात. कॅटलेज हें हायड्रोजन पेरॉक्साइडाचें पाणी व प्राणवायु करून टाकितें. त्याच्या जोडीचें सुपरऑक्साइड डिसम्यूटेज १९६९ सालीं ओळखलें गेलें. त्याच्या एका प्रकाराच्या अंगीं तांबें व जस्त हेच धातु असतात, ही मौज पाहण्यासारखी आहे.

परंतु या बंदोबस्तास खर्च लागतो. प्रथिनें घडविण्यांत जी शक्ति जाते, ती वाढीस व प्रजोत्पादनास कमी पडते. रेस्ट्राँगेटचे कृमी जें तांबें सोसतात, त्यानें स्वच्छ खाडींतले त्यांचे सोयरे मरतात. ही सहनशक्ति वंशपरंपरेनें उतरते, म्हणजे ती मिळविण्यापूर्वीं कित्येक दुर्बळ कृमी मेले असले पाहिजेत. शिवाय मेथिल पारा या पहाऱ्यास फारसा जुमानीत नाहीं. जपानांतील मिनामाता येथें १९५६ सालीं जो रोग उघडकीस आला, तो या पाऱ्यानें दूषित मासे व शिंपले खाल्ल्यामुळें झाला होता. आणि कोंडिलेला धातु कांहीं नष्ट झालेला नसतो. कालव खाणाराच्या पोटांत तो कालवाबरोबरच जातो. कोंकणांत कालवें आवडीनें खाणारे आमचे वाचक हें विसरणार नाहींत.

याच सांठवणीचा उपयोग करून, किनाऱ्याकिनाऱ्यावरील शिंपले तपासून समुद्राची परीक्षा करावी, अशी सूचना एडवर्ड गोल्डबर्ग यांनीं १९७५ सालीं केली व ती अनेक देशांनीं उचलली. दुसरी एक परीक्षा याहून सूक्ष्म आहे. शिंपल्याच्या रक्तपेशींस तांबडा रंग पाजितात. निरोगी पेशीच्या लायसोसोमांत तो रंग बराच वेळ टिकून राहतो. धातूंनीं गांजलेल्या पेशींतून मात्र तो लवकर पाझरूं लागतो.