नवा दात येईल तेव्हा येईल, हलणारी दाढ आधी वाचवा

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या भांडगावात, किंवा दौंड-शिरूरच्या कुठल्याही गावात, असा संवाद आज सहज घडू शकतो. नातवाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. तो म्हणतो, "आज्जी, जपानमध्ये नवीन दात उगवायचं औषध निघालंय. आता कवळी नको अन् काही नको." वर्षानुवर्षे मिश्री लावल्याने आजीच्या हिरड्या खाली सरकल्या आहेत आणि दोन दाढा हलत आहेत. तिचा हिशेब लगेच जुळतो. "मग ह्या दोन काढूनच टाकते की. उगाच दुखणं कशाला सोसायचं?"

बातमी खोटी नाही. आजीने काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत तिच्या जबड्याला मोजावी लागेल. म्हणून दात, हिरडी आणि जबड्याचे हाड यांपैकी काय पुन्हा घडवता येते, काय अजून येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

इनामगावच्या मुलांचे दात

सुरुवात शिरूर तालुक्यातूनच करता येईल. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. त्या काळी मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. या सांगाड्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी केला. काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर लहान खोलगट खुणा आढळल्या. दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, तयार होत असताना शरीरावर ताण आला की अशा खुणा राहतात. दुधाच्या सुळ्यांचे इनॅमल बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होते. म्हणजे आईचे किंवा तान्ह्या बाळाचे कुपोषण वा आजारपण तीन हजार वर्षांनंतरही वाचता आले.

ते वाचता आले, कारण इनॅमल स्वतःची दुरुस्ती करत नाही. ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच काम करतात, मग नाहीशा होतात. हात मोडला तर हाड जुळते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये एकही नसते. कीड अगदी सुरुवातीच्या पांढऱ्या डागाच्या अवस्थेत असेल, तर लाळेतली खनिजे आणि फ्लोराइड तो डाग भरून काढू शकतात. एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही.

इनॅमलखालच्या भागांची गोष्ट वेगळी आहे. डेंटिन, त्याच्या आतला रक्तवाहिन्या आणि नसांचा गर, दाताला हाडाशी बांधणारे तंतू, हिरडी आणि जबड्याचे हाड या सगळ्यांना जिवंत पेशींचा आधार असतो. आजच्या संशोधनाचा बराचसा भर या जिवंत भागांवर आहे.

दात उगवणारे औषध कुठवर आले?

व्हिडिओतले औषध जपानमधील डॉ. कात्सु ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. शरीरात 'यूसॅग-१' नावाचे एक प्रथिन असते. ते दाताची वाढ घडवणाऱ्या संदेशांना लगाम घालते. हा लगाम सैल केला तर थांबलेला दाताचा अंकुर पुढे वाढेल, अशी कल्पना आहे. या प्रथिनाला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यावर उंदीर आणि फेरेट या प्राण्यांमध्ये दात वाढल्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. त्यासाठी ३० ते ६४ वर्षे वयाचे, किमान एक दात नसलेले ३० निरोगी पुरुष निवडायचे ठरले. या टप्प्याचा मुख्य प्रश्न औषध सुरक्षित आहे का, हा आहे. त्यानंतरचा विचार आहे तो जन्मतःच अनेक दात नसलेल्या मुलांचा. औषध २०३० च्या सुमारास उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट त्या गटाने जाहीर केले आहे, पण उद्दिष्ट म्हणजे हमी नव्हे. किडीने किंवा हिरडीच्या रोगाने दात गमावलेल्या साठीतल्या माणसाची पाळी त्याच्याही नंतरची.

दुसरी वाट आहे ती दात आतून दुरुस्त करण्याची. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या दाढेतल्या खड्ड्यात 'टायडेग्लुसिब' हे औषध भिजवलेला कोलॅजेनचा बारीक स्पंज ठेवला. स्पंज विरघळत गेला आणि त्या जागी दाताने स्वतःचे डेंटिन तयार केले. हे औषध आधी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर तपासले गेले होते. चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. पडून मार लागल्याने ज्या मुलांच्या पुढच्या दातांतला गर मेला होता, त्यांच्याच दुधाच्या दातांतील मूळपेशी वाढवून त्यांनी त्या दातांत बसवल्या. आत रक्तपुरवठा आणि संवेदना असलेला गर पुन्हा तयार झाला. मात्र यात दात तोंडात होताच. त्याचा मेलेला भाग जिवंत झाला, नवा दात आला नाही.

हाड आणि हिरडीचे आज काय होऊ शकते?

या आघाडीवरचे बरेच उपचार प्रयोगशाळेतून दवाखान्यात आले आहेत. हिरडीच्या रोगात दाताभोवतीचे हाड झिजते. सफाईनंतर जखम भरताना हिरडीच्या पेशी भराभर वाढतात आणि हाडाला जागाच उरत नाही. स्वीडनमधील स्टुरे न्यूमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मध्ये एक पातळ पडदा ठेवून हिरडीच्या पेशींना अडवले. मागे राहिलेल्या पेशींना वेळ मिळाला आणि दाताला बांधणारे तंतू पुन्हा तयार झाले. पुढे हाडाची भुकटी भरणे, तसेच रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून मिळणारा फायब्रिनचा थर जखमेत ठेवणे, हे उपायही रूढ झाले. अनेक दंत महाविद्यालयांत ते केले जातात.

मात्र मर्यादा स्पष्ट आहेत. दाताशेजारी खोल, अरुंद, हाडाच्या भिंतींनी वेढलेला खड्डा असेल तर हाड चांगले भरते. सगळीकडे हाड सारखेच खाली गेले असेल तर ते पुन्हा वर चढवणे फार कठीण असते. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू सुरू असेल, तर केलेले कामही वाया जाते. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरडीतून रक्त कमी येते आणि रोग लपून राहतो.

दाताशिवाय जबड्याचे काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. अशा जबड्याची उभारणी पायातले फिब्युला हाड घेऊन किंवा गालाच्या हाडात धातूचे रोपण करून करता येते. हे शक्य आहे ही मोठी गोष्ट, पण त्यात मोठ्या शस्त्रक्रिया आणि बराच काळ जातो.

आजीने काय करावे?

दात काढला की त्याला धरून असलेले हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे कवळी नीट बसत नाही, रोपणालाही हाड पुरत नाही. म्हणून "दाढ काढून द्या" म्हणण्याआधी "दाढ का हलते?" हे विचारावे. एक्स-रे काढावा, रक्तातली साखर तपासावी. मुळाभोवतीची खोल सफाई आणि मिश्री बंद, एवढ्यानेच काही हलणाऱ्या दाढा घट्ट होतात. काही दाढा वाचत नाहीत, त्या काढाव्याच लागतात, पण तो निर्णय तपासणीनंतरचा असतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, ही चौकशी आधी करावी. पुण्यातील दंत महाविद्यालयांत हिरडीच्या रोगांचे स्वतंत्र विभाग आहेत.

नातवासाठीही एक सूचना आहे. मुलांचे पडलेले दुधाचे दात पैसे घेऊन 'बँकेत' साठवून ठेवण्याच्या जाहिराती येतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेतील रक्ताखेरीज अशा व्यावसायिक साठवणुकीला मान्यता नाही. मंजूर चाचणीबाहेर मूळपेशींनी दात किंवा हिरडी बरी करून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर तेथे पैसे भरू नयेत.

जपानचे औषध यशस्वी झाले तर आनंदच आहे. तोवर आजीने मिश्रीची डबी बंद करावी आणि त्या दोन दाढा दंतवैद्याला दाखवाव्यात. सोबत नातवानेच जावे, आणि स्वतःचेही दात तपासून घ्यावेत.