नाजूक साहित्याची बांधणी आणि तिच्यामागील विज्ञान

काचेचे पात्र हातून निसटले, तर ते पडल्यामुळे फुटले असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पडत असताना पात्रास कोणतीही इजा होत नाही. ते फुटते ते जमिनीवर एकाएकी थांबल्यामुळे. हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्यास नाजूक वस्तूंच्या बांधणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचू लागतात.

समजा, एक काचेचा चंबू ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून खाली पडला. जमिनीशी येईपर्यंत त्याचा वेग सेकंदास सुमारे ४ मीटर होतो. फरशीवर तो जेमतेम १ मिलिमीटर अंतरात थांबला असे मानले, तर त्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ८०० पट बल येते. तोच चंबू मऊ थरात ४ सेंटिमीटर रुतून थांबला, तर हे बल सुमारे २० पटींवर येते. उंची तीच, वेगही तोच; केवळ थांबण्यास अधिक अंतर व अधिक वेळ मिळाला. शिवाय मऊ थर वस्तूच्या अंगास सर्व बाजूंनी टेकतो. त्यामुळे आघात एका बिंदूवर न पडता विभागला जातो. मृदू वेष्टनाची ही दोनच कामे आहेत.

हे ज्ञान कोकणात व्यवहाराने पूर्वीच आलेले आहे. आंब्याच्या लाकडी पेटीत तळाशी, थरांच्या मधे व वर भाताचा पेंढा घालतात. कुंभारही मडकी रचताना मधे पेंढा सारतो. भाताची काडी पोकळ असते. ती दबते आणि पुन्हा काहीशी उसळते. काड्यांमध्ये कोंडलेली हवाही दाब सोसण्यास साह्य करते. कल्याण–शीळ रस्त्यावरील मानपाडा परिसरात एके काळी भातखाचरे होती. आज तेथे इमारती व कारखाने दिसतात. अशा ठिकाणच्या शाळेस पेंढा दुर्मिळ झाला, तरी पुठ्ठ्याची खोकी व रद्दी कागद दुकानांतून सहज मिळतात. मुरबाड, शहापूरकडील शाळांना पेंढा शेजारच्या खळ्यावरच मिळेल.

नवे साधनही याच तत्त्वावर चालते. हवेचे बुडबुडे असलेले प्लॅस्टिक १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फील्डिंग व मार्क शावान यांनी भिंतीवर लावावयाचा कागद म्हणून तयार केले. त्या कामी ते चालले नाही. पुढे वेष्टन म्हणून मात्र जगभर पसरले. पेंढ्यातील हवा आणि बुडबुड्यातील हवा यांचे कार्य एकच आहे.

शाळेचे साहित्य बांधताना पुढील क्रम ठेवावा. पेंढा पूर्ण वाळलेला असावा. ओलसर पेंढ्यास बुरशी येते. खोक्याच्या तळाशी चार बोटे जाडीचा थर द्यावा. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे कागदात गुंडाळावी. काचेस काच लागू देऊ नये. चंबूच्या पोटातही चुरगळलेला कागद भरावा. चारही बाजूंस व वर तितकाच थर द्यावा. खोके बंद करून हलकेच हलवावे. आतून आवाज आल्यास पोकळी राहिली असे समजून ती भरावी. परंतु पेंढा ठासूनही भरू नये, कारण अगोदरच पूर्ण दबलेला थर आणखी दबत नाही. वाळू या कामी निरुपयोगी आहे. ती जड असते व भरून बसली की दबत नाही. एकदा वापरलेला पेंढा चपटा झाला असल्यास बदलावा. पाऱ्याचा तापमापक त्याच्या नळीत घालून वेगळा बांधावा, म्हणजे तो फुटल्यास पारा इतर साहित्यात पसरणार नाही.

हा विषय वर्गात प्रयोगाने शिकविता येईल. चार सारख्या पणत्या घेऊन पेंढा, लाकडाचा भुसा, चुरगळलेला कागद व वाळू यांत एकेक बांधावी. चारही खोकी एकाच आकाराची असावीत आणि ती एकाच उंचीवरून शिक्षकांनी सोडावीत. कोणती पणती टिकेल, हे मुलांकडून आधी वहीत लिहून घ्यावे व नंतर कारण विचारावे. तुकडे मुलांना उचलू देऊ नयेत.

लहान शाळेत चंचुपात्र बहुधा एखादेच असते. ते वाटेत फुटले, तर नवे येईपर्यंत पाणी उकळण्याचा प्रयोग फळ्यावरील चित्रावर भागवावा लागतो आणि चित्रातील पाणी कधी उकळत नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनास साहित्य एस. टी.ने न्यावयाचे असेल, तेव्हा बांधणीचे काम मोठ्या मुलांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. खोक्यावर ‘काच’ असे ठळक लिहून वरची बाजू बाणाने दाखवावी व ते प्रवासात मांडीवर किंवा पायांशी, नजरेसमोर ठेवावे.