दुर्बिणीचा खरा शत्रू कोण?

समजा तुमच्या शाळेने सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली आहे. दर रात्री ती बाहेर काढून बसवणे कष्टाचे, म्हणून ती अंगणातील चौथऱ्यावर पक्की बसवली आणि पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळली. काही महिन्यांनी पाहावे तो आरशावर पांढुरके डाग! पावसाचा थेंबही आत गेला नव्हता. मग हे डाग आले कोठून?

याचे उत्तर शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. पावसाळा सरल्यावर, निरभ्र रात्री काचेचे दोन सारखे तुकडे लाकडी फळ्यांवर ठेवा. एक उघड्या अंगणात, दुसरा त्याच अंगणात बाजेखाली. पहाटे उघड्यावरची काच दवाने भिजलेली आणि बाजेखालची बहुधा कोरडी आढळेल. हवा तर दोन्हीकडे तीच होती!

प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. बाजेखालच्या काचेला बाजेकडून बरीचशी उष्णता परत मिळते. उघड्यावरच्या काचेला निरभ्र आकाशाकडून फार थोडी मिळते. त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते.

आता थोडा हिशेब करू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प राहू शकते. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर तीत सुमारे १२.१ ग्रॅम बाष्प असते. १४ अंशांना हवेची कमाल क्षमता जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे काच १४ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी धरणारच.

प्लास्टिकच्या आत हेच रोज घडते. जमिनीतील ओल वर येऊन कोंडते. रात्री प्लास्टिक थंड झाले की त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमतात व दुर्बिणीवर ठिबकतात. दिवसा उन्हाने त्यांची वाफ होते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. आरशावरील ॲल्युमिनियमचा थर केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही पातळ असतो. सततच्या ओलीने तो खराब होतो, आणि भिंगांवर बुरशी चढते. थर पुन्हा चढवायला निर्वात यंत्र लागते. ते काही गावोगावी मिळत नाही.

तेव्हा सूत्र लक्षात ठेवा : पाऊस वरून येतो, ओल खालून येते. छप्पर वरून पक्के हवे, पण हवा खेळती हवी. दुर्बिणीवर लाकडी किंवा पत्र्याची, चाकांवर सरकणारी पेटी करा. खाली आणि छपराच्या वळचणीला फटी ठेवून त्यांना बारीक जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी नळीत मातीचे घर बांधील. आपल्या जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद पेटी त्याहून कितीतरी तापते. म्हणून तिला बाहेरून पांढरा रंग द्या. धूळ अडवण्यासाठी नळीच्या तोंडावर जाड सुती कापडाची टोपी घाला. उघडी नळी सूर्याकडे वळली, तर एकवटलेल्या उन्हाने कापड पेटू शकते, हेही विसरू नका.

निरीक्षणाच्या वेळी नळीच्या पुढे तिच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे पुठ्ठ्याचे नळकांडे लावा. त्यामुळे आतील काचेला आकाश कमी दिसते आणि दव उशिरा धरते. दव धरलेच तर ते पुसू नका. धुळीतील वाळूचे कण ॲल्युमिनियमहून कठीण असतात. पुसताना ओरखडे उठतात. आरसा आपोआप वाळू द्या आणि मगच टोपी घाला.

पावसाळ्यात मात्र आरसा व भिंगे काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह घरात ठेवावीत. यात कमीपणा नाही. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिच्यावर भक्कम घुमट आहे, तरीही पावसाळ्याच्या महिन्यांत तेथील निरीक्षणे बंद ठेवतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत ओला-सुका तापमापक असेल. सायंकाळी त्यावरून आर्द्रता काढा आणि आज दव पडेल की नाही, ते वहीत लिहून ठेवा. पहाटे काचेचा तुकडा पाहा. महिनाभरात तुमचे किती अंदाज बरोबर येतात?